हातचा न येणारी संख्या



साहित्यिकांच्या सभेत गणिताच्या मास्तराला बोलावलेत, याबद्दल आभार. मी आज एकाच संख्येविषयी बोलणार आहे : १२३४५६७८९८७६५४३२१.

एकापासून नवापर्यंत चढायचे आणि पुन्हा एकापर्यंत उतरायचे. सतरा अंकांची ही संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. तिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. शिवाय ती पूर्ण वर्ग आहे. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग.

नाशिकजवळ देवळालीत शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांना 'डेमलो संख्या' म्हणत. आजच्या डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी हे नाव दिले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनी ही संख्या वाचली, तर सर्वांत डावीकडचा एक 'मध्य' या स्थानी येतो, आणि खरोखर मधोमध असलेला नऊ येतो 'अर्बुद' स्थानी!

आता माझा अनुभव सांगतो. गोव्यात पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात येतात. मी अशाच वर्गांना गणित शिकवले. एकदा हा गुणाकार फळ्यावर मांडला. नऊ एकांची ओळ नऊ वेळा, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग इंग्रजीतून समजावले की उभ्या रांगांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे नवापर्यंत एक येतात आणि पुढे कमी होत जातात. म्हणून उत्तर असे दिसते. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. कोणी काही विचारले नाही. मला वाटले, समजले.

तास संपताना मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच मराठीत म्हणाली, "सर, म्हणजे कुठेच हातचा येत नाही?"

वर्ग एकदम जागा झाला. दुसऱ्याने लगेच विचारले, "मग दहा एक घेतले तर?" आम्ही मांडून पाहिले. मधल्या रांगेची बेरीज दहा झाली, हातचा आला आणि डौल मोडला : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला, शिखरावर दोन शून्ये आली. नऊ एकांपर्यंतच ही मौज का टिकते, हे मुलांनी आपणच सांगितले.

त्या दिवशी मी वरमलो. तोवर मुलांच्या गप्प राहण्याला मी समजणे मानत होतो. खरे तर ज्या शब्दाने ती विचार करायला शिकली होती, तो शब्द मीच वर्गाबाहेर ठेवला होता.

अर्बुद, जलधि, परार्ध ही नावे व्यवहारातून गेली. त्याचे मला फार दुःख नाही. पण 'हातचा' गेला, तर एका मुलाचा प्रश्न जातो. माध्यम कोणतेही असो, शिक्षक मित्रांनो, पहिली पाच मिनिटे मुलांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या. इंग्रजी संज्ञा त्यानंतर शिकवता येते. मी पुढे तसेच केले, आणि माझ्या तासाला प्रश्न वाढले.

एवढेच सांगायचे होते.