पडद्यावरचें अक्षर

जुन्नर आणि घोडेगांव हीं पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव तालुक्यांचीं मुख्य ठिकाणें. हीं नांवें पाटीवर लिहावयास शाळकरी मुलास क्षणहि लागत नाहीं. परंतु पहिल्या वैयक्तिक संगणकांच्या पडद्यावर तीं उमटविणें मोठें कठीण होतें. 'जुन्नर' शब्दांत जकाराखालीं उकार आणि पुढें जोडाक्षर; 'घोडेगांव' शब्दांत शिरोरेषेवर दोन मात्रा व अनुस्वार. देवनागरी अक्षरास वर माळा हवा आणि खालीं तळघरहि हवें.

१९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें काढलेल्या सी.जी.ए. कार्डांत एका अक्षराच्या वांट्यास आठ बिंदू रुंदी व आठच बिंदू उंची येई. एवढ्या कोंदट खोलींत मात्रा-उकारांनीं राहावें कोठें? 'घ'चा 'ध' आणि 'म'चा 'भ' व्हावयास एक बिंदू पुरे. जमिनीच्या उताऱ्यांत 'मोरे' यांचे 'भोरे' झाले, तर धनीच बदलावयाचा!

सी.जी.ए.चे चार रंग घेतले, तर पडद्यावर आडवे ३२० व उभे २०० बिंदूच उरत; कारण प्रत्येक बिंदूचा रंग कार्डाच्या स्मृतींत सांठवावा लागे, आणि ती स्मृति अवघी १६ किलोबाइट. १९८२ सालचें हर्क्युलिस कार्ड एकरंगी. परंतु त्यावर ७२० व ३४८ बिंदू मावत, म्हणजे अक्षरास सुमारें चौदा बिंदूंची उंची मिळे. ज्यास मराठी वाचावयाचें, त्यानें रंगाचा मोह सोडणेंच शहाणपणाचें होतें. १९८७ सालच्या व्ही.जी.ए.नें मात्र ६४० व ४८० बिंदू सोळा रंगांत दिले.

कार्ड आणि मॉनिटर यांची सोयरीकहि जुळावी लागे. सी.जी.ए.चा मॉनिटर सेकंदास सुमारें १५,७०० ओळी काढी, हर्क्युलिसचा १८,४०० आणि व्ही.जी.ए.चा ३१,५००. जोडी चुकली कीं चित्र स्थिर राहत नसे; प्रसंगीं मॉनिटरहि निकामी होई.

१९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें जिस्ट कार्ड पुढें आणलें. त्याचा मूळ प्रयत्न कानपूरच्या आय.आय.टी.मधला. तें बसविलें कीं इंग्रजीसाठीं रचलेल्या कार्यक्रमांतहि मराठी अक्षरें दिसूं लागत.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटांत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. तो कोरणारानें अक्षरांस हवी तेवढी जागा दगडांत दिली, म्हणून तो दोन हजार वर्षांनंतरहि वाचतां येतो. आज खिशांतल्या फोनवरहि बिंदूंची वाण नाहीं. तरी जुना धडा उपयोगाचा आहे. यंत्र घेतांना आधीं त्यावर आपलें नांव लिहून पाहावें; तें स्वच्छ वाचतां आलें, तरच पैसे मोजावेत.