घरच्या घरी अंडी उबवताना



कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली १२ अंडी ठेवली, २१ दिवस वाट पाहिली आणि पिल्ले निघाली चारच. आपल्या जालना जिल्ह्यात हा अनुभव पुष्कळ घरांना येतो. मग कोणी कोंबडीला नावे ठेवतो, कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो विजा कडाडल्या. पण बहुतेक वेळा दोष कोंबडीचा नसतो. अंडी तिच्याखाली जायच्या आधीच बिघडलेली असतात.

हे कसे होते ते बघा. उबवणीला साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते. परंतु अंडे २७ अंशांच्या वर गेले की आतला जीव थोडाथोडा वाढू लागतो. चैत्र-वैशाखात अंबड, परतूर, भोकरदनकडे पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेले अंडे दिवसा वाढू लागते आणि पहाटेच्या गारव्याने थांबते. असे चार-पाच दिवस झाले की आतला जीव मरतो. वरून अंडे चांगले दिसते, म्हणून आपण ते कोंबडीखाली सारतो. कोंबडी बिचारी इमानाने बसते!

म्हणून उन्हाळ्यात तीन दिवसांपेक्षा जुने अंडे बसवू नये. थंडीच्या दिवसांत आठवडाभराचे चालते. साठवण माठाजवळ, गार जागी करावी. ओल्या वाळूत मडके बसवून, त्यात कोरडे काड घालून अंडी ठेवली तर उत्तम. रुंद टोक वर असू द्या, कारण हवेची पोकळी त्या टोकाला असते. आणि अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की रोगजंतू आत शिरतात. घाण लागली असेल तर ते अंडे सरळ खायला घ्या. फार मोठे, फार लहान, तडकलेले अंडेही बसवू नये.

आणखी एक गोष्ट. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा पाहिजे, तोही शक्यतो दुसऱ्या गावचा, म्हणजे नात्यातला संबंध टळतो. बाजारात ट्रेमध्ये मिळणारी पांढरी अंडी उबवायला ठेवणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे.

रवणीचा हंगाम दिवाळीनंतर ते माघापर्यंत चांगला. पाटीत राख, वर कोरडे काड आणि थोडा कडुलिंबाचा पाला घाला. कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी करा. चावा सहन झाला नाही की ती उठून जाते. तिला संध्याकाळी, अंधार पडताना बसवावे, म्हणजे ती निवांत बसते. गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत, कडाक्याच्या थंडीत नऊच ठेवा. १५ ठेवली तर कडेची गार पडतात, मग ती आत सरकतात आणि आतली बाहेर येतात, अशाने सगळीच अर्धवट राहतात. दाणापाणी जवळ ठेवा. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठते, तिला उठू द्या. पाटीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवायची चाल आहे. ठेवायचा तर ठेवा, नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर अंडी धरून पाहा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. नुसते स्वच्छ दिसले तर वांझ. लाल कडे दिसले तर आतला जीव मेलेला, ते अंडे काढून टाका. दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील तर या वेळी चांगली अंडी एकत्र करता येतात आणि एक कोंबडी मोकळी होऊन लवकर अंड्यावर येते. ही युक्ती फार फायद्याची आहे.

आता यंत्राविषयी. खोक्यात बल्ब लावून उबवणारे आहेत, छोटी तयार यंत्रेही मिळतात. कोंबडी जे मुकाट्याने करते ते सगळे तिथे आपल्याला करावे लागते. १८ व्या दिवसापर्यंत दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवणे, पाण्याचे भांडे भरलेले ठेवणे, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवणे आणि झाकण न उघडणे. वीज गेली तर घाबरू नका. वरून गोधडी घाला. दोन-चार तासांचा गारवा अंडी सोसतात, जास्त उष्णता मात्र सोसत नाहीत. मिसर देशात शेकडो वर्षे मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवत, तापमापकाशिवाय. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. आपण तापमापकच घ्यावा. माझे मत विचाराल तर २०-२५ पिल्लांसाठी यंत्राच्या भानगडीत पडू नये, दोन खुडूक कोंबड्या बऱ्या. वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या मात्र सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावीत, ती मोठी असल्याने सात-आठच.

२१ व्या दिवशी कवचाला चोच दिसली की हात आवरा. पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. कवच सोलून मदत केली तर रक्त जाऊन ते मरते. पहिले दोन दिवस त्याच्या पोटातला बलक त्याला पुरतो, त्यामुळे दाण्याची घाई नको.

खरे नुकसान यानंतर होते. १० निघालेली पिल्ले महिन्याभरात चार उरतात. घार, मुंगूस, मांजर यांच्यासाठी डालगे वापराच, पण मानमोडीला डालगे अडवत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात पडला पाहिजे. एका बाटलीत पुष्कळ पिल्लांची लस असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. एका घरासाठी बाटली फोडणे परवडत नाही. म्हणून वस्तीवरच्या बायकांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात, म्हणजे सगळ्यांची पिल्ले एका सकाळी एका ओट्यावर आणता येतील. दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांना तो दिवस आधीच सांगून ठेवा.