जुन्या हुबळीतील घरांचे मोल : साखळी ते उपग्रह



राहत्या घराचे मोल ठरविण्याचा प्रसंग मनुष्याच्या आयुष्यात वारंवार येत नाही. परंतु येतो तेव्हा तो बहुधा अडचणीचा असतो. भावाभावांतील वाटणी, मुलीच्या शिक्षणासाठी काढावयाचे कर्ज, अथवा रस्तारुंदीत जाणारी ओसरी, असे काहीतरी निमित्त असते. अशा वेळी दाराशी येणारा मूल्यनिर्धारक, ज्यास बँकेत आणि बाजारात सर्वजण व्हॅल्युअर म्हणतात, अहवालाच्या शेवटी जो आकडा लिहितो त्यावर त्या कुटुंबाची पुढील कित्येक वर्षे अवलंबून असतात. या आकड्याला नव्या उपकरणांनी कितपत आधार मिळाला, हे जुन्या हुबळीच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

जुनी हुबळी म्हणजे पूर्वीची रायर हुबळी. भवानीशंकराचे देवालय आणि सिद्धारूढ स्वामींचा मठ याच भागात आहेत. दुर्गदबैलाच्या किल्ल्याभोवती नवी हुबळी पुढे वाढली, रेल्वे आली, कारखाने आले. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली. तथापि जुन्या ओण्यांचा साचा फारसा बदलला नाही. दर्शनी बाजू अरुंद, खोली पुष्कळ. दोन घरांमध्ये एकच भिंत. पुढे कट्टा, आत पडसाळ, वर मातीचे माळवद, मागे परसू. अशा घराचे मोल ठरविणे हे नव्या वसाहतीतील चौकोनी भूखंडाचे मोल ठरविण्याहून किती तरी अवघड असते.

हा सारा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील मोजणीची परंपरा महाराष्ट्राशी सामाईक आहे. इंदापूर तालुक्यात प्रिंगल यांची मोजणी फसल्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम आरंभिले, आणि पुढे त्याच विंगेट यांनी धारवाडकडील दक्षिण मराठा प्रांताच्या मोजणीचे काम पाहिले. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीगुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रत ठरविताना मातीची खोली व रंग पाहून नऊ वर्ग केले जात आणि चुनखडी, उतार, पाणथळपणा असे दोष आढळल्यास वर्ग खाली उतरे. मोजमाप आणि पारख ही दोन निराळी कामे आहेत, हे त्या काळच्या कारकुनासही ठाऊक होते. आज पुष्कळदा त्याचा विसर पडतो.

साखळी वापराने ताणली जाते. ३३ फुटांत ती दोन इंच वाढली, तर एका एकरात सुमारे ४४० चौरस फुटांची चूक होते. शेतात हा फरक बांधाच्या कडेला विरून जाई. जुन्या हुबळीत ४४० चौरस फुटांत एखादे कुटुंब राहते. घराच्या बाबतीत उदाहरण घ्यावयाचे तर, खरेदीखतात २० फूट रुंद व ७० फूट खोल असे लिहिलेले घर प्रत्यक्षात साडेअठरा फूटच रुंद निघाले, तर १४०० ऐवजी १२९५ चौरस फूट भरतात. दर दोन हजार रुपये धरला, तर दोन लाख दहा हजारांचा फरक पडतो. वाटणीच्या दोन भावांमध्ये अबोला होण्यास एवढी रक्कम पुरेशी आहे.

या ठिकाणी नव्या उपकरणांचा उपयोग निर्विवाद आहे. लेझरचे हातात मावणारे मापक भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर काही मिलिमीटरच्या फरकाने सांगते, आणि फीत धरण्यास दुसरा माणूस लागत नाही. टोटल स्टेशन हे यंत्र कोन व अंतर एकदम मोजते. उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे ग्राहकयंत्र, जवळच्या स्थिर केंद्राचे साह्य मिळाल्यास, एखाद्या खुणेचे स्थान काही सेंटिमीटरपर्यंत निश्चित करते. खुणेचा दगड उपटला गेला तरी जागा पुन्हा सापडते. ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून गावठाणाचा नकाशा होतो. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे असा प्रयोग आधी झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाल्यावर गावोगावच्या घरांना प्रथमच मोजणीचा नकाशा मिळू लागला.

परंतु ड्रोन वरून पाहतो आणि वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. कौलारू घराची वळचण भिंतीबाहेर फूट-दीड फूट येते. ती हद्द धरली तर घर फुगते आणि शेजाऱ्याची बोळ आक्रसते. माळवदाच्या घरांत उलट अडचण असते. तीन घरांची माळवदे एकमेकांस चिकटलेली असली म्हणजे छायाचित्रात ते एकच घर वाटते. उपग्रहाचे संकेतही उंच भिंतींच्या अरुंद बोळात अडतात अथवा भिंतीवर आपटून येतात, आणि यंत्र ठामपणे चुकीचे स्थान दाखविते. म्हणून जुन्या हुबळीत वरचा नकाशा हा कच्चा मानून, ओणीच्या तोंडाशी मोकळ्या जागी खूण निश्चित करावी, तेथून टोटल स्टेशनने आत यावे आणि खोल्या लेझरने मोजाव्यात, हा क्रम धरणे भाग आहे. सामाईक भिंतीचा मध्य कोठे, हे मात्र दोन्ही शेजाऱ्यांस समोर उभे करूनच लिहावे लागते.

मापानंतर पारख येते. हुबळीची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकुंचन पावते. तिच्यावरील भिंतींना तिरप्या भेगा पडतात. भेग जुनी व स्थिर आहे की अजून वाढते आहे, यावर इमारतीचे उरलेले आयुष्य अवलंबून असते. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती फुटते का ते पाहात. आता भेगमापकाने व तारखेच्या छायाचित्रांनी तेच काम नेमके होते. ओल मोजणारे यंत्र रंगाखाली दडलेली ओल उघड करते. काँक्रीटसाठी ठोकमापक हातोडा आहे. तुळईला लागलेली वाळवी मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी लाकडावर टकटक करून व टोचून पाहिली जाते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरे काम शोधाचे. शेजारी तशाच मिळकती कितीस विकल्या गेल्या, हे पाहिल्याखेरीज बाजारमूल्य सांगता येत नाही. पूर्वी त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाड सूचीपुस्तके चाळावी लागत. कर्नाटकात भूमी प्रकल्पाने सुमारे दोन कोटी शेतजमिनींचे उतारे संगणकावर आले. दस्तनोंदणीसाठी २००३ पासून कावेरी प्रणाली आली आणि २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात १९९५ च्या मुद्रांक नियमांखाली बाजारमूल्याचे वार्षिक तक्ते होतात. महिन्याचा शोध दिवसावर आला, आणि मिळकतीवर बोजा आहे किंवा नाही हे घरबसल्या समजू लागले.

मात्र खरी कसोटी येथेच आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी दस्तात कमी रक्कम लिहिण्याची सवय समाजात जुनी आहे. संगणकाला काळा व्यवहार दिसत नाही. दस्तातील आकडाच त्यास सत्य वाटतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य ठरविताना जी मापे लावतात, त्यांत परिसरातील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी अधिक किंमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी हे एक आहे. मुद्रांकाचा दर किंवा ही सरासरी यांपैकी जे अधिक ते धरले जाते आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे ओणीतील चार घरे विकताना ज्यांनी किंमत झाकली, त्यांनी पाचव्या घरच्या विधवेची भरपाई कमी केली, आणि तीही दुपटीने. तिने कोणतेही असत्य लिहिलेले नसते. हुबळी-धारवाडसारख्या वाढत्या जोडशहरात ही धास्ती काल्पनिक नाही.

केवळ आकड्यांवर विसंबल्याने परदेशातही फटका बसला आहे. अमेरिकेतील झिलो या कंपनीने संगणकाच्या अंदाजावर घरे विकत घेण्याचा व्यवसाय नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद केला. किंमतींचा पुढील कल यंत्रास नीट वर्तविता आला नाही. याउलट नेदरलँडमध्ये प्रत्येक घराचे शासकीय मूल्य दरवर्षी ठरते आणि २०१६ पासून राहत्या घरांचे मूल्य कोणालाही पाहता येते. शेजाऱ्याचा आकडा दिसतो, म्हणून चूक लवकर उघडकीस येते. संगणकाचा हा उपयोग अधिक मोलाचा म्हटला पाहिजे.

मूल्यनिर्धारकानेही तसेच उघडेपण ठेवावे. कोणते दस्त तुलनेस घेतले, त्यांच्या तारखा काय, अरुंद दर्शनी बाजूसाठी किती वजावट केली, इमारतीचे उरलेले आयुष्य कशावरून धरले, हे अहवालात लिहिलेले असावे. नुसते 'संगणकीय गणनेनुसार' असे लिहिणे हे कारण नव्हे. जुन्या मोजणीदाराच्या वहीतसुद्धा दोषाचे नाव आणि उतरविलेला वर्ग शेजारीशेजारी असत.

घरमालकाच्या हाती जे आहे ते त्याने व्हॅल्युअर येण्याच्या आधी करावे. मिळकत पत्रिका अथवा उतारा काढून त्यावरील नाव, क्षेत्र व चतुःसीमा प्रत्यक्षाशी ताडून पाहाव्यात. वडिलांच्या निधनानंतर वारसांची नोंद झालेली नसेल तर अर्ज करावा. माप कमी-अधिक असल्यास शासकीय मोजणीचे शुल्क भरून हद्दी कायम करून घ्याव्यात. भूसंपादनाची सूचना निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. मोजणीच्या दिवशी घरातील जाणते माणूस आणि दोन्ही बाजूंचे शेजारी हजर असावेत. शाळामास्तरांनी वरच्या वर्गातील मुलांकडून एकदा आपल्याच गल्लीतील घरांची मापे फितीने घ्यावीत आणि ती उताऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहण्यास सांगावे. पुष्कळ घरांत त्या संध्याकाळी कपाटातला कागद प्रथमच बाहेर येईल.