मोहल्ल्याची परसबाग

आज बोलूया मोहल्ल्याच्या परसबागेविषयी. पोट भरणं वेगळं आणि पोषण होणं वेगळं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. पण रेशनच्या दुकानात पालेभाजी मिळत नाही. नांदेड-लातूरच्या अनेक मुस्लिम कुटुंबांकडे शेती नाही. हातावर पोट आहे. मजुरी बुडाली, की ताटातली भाजी आधी जाते. म्हणून भाजी वस्तीतच पिकवावी, सर्वांनी मिळून पिकवावी.

हे जमतं का? पुरावा मराठवाड्यातच आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत इथल्या बायकांनी दुष्काळातही एकेका एकरावर घरासाठी अन्नपिकं घेतली. त्या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणून पाण्याचा प्रश्न रास्तच आहे. पण मशिदीत रोज पाच नमाजांसाठी वजू करतात, म्हणजे हात-पाय-तोंड धुतात. ते पाणी बिनसाबणाचं असतं. ते वाफ्यांकडे वळवता येतं. जमीन नसेल, तर शाळेचं किंवा मदरशाचं आवार आहे. गच्चीही आहे.

बागेने गरिबी हटणार नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. रेशन हवं, रोजगारही हवाच. बाग त्यांची जागा घेत नाही. ती ताटातली उणीव भरते. तेव्हा या पावसाळ्यात बचत गटातल्या आपा, खाला आणि मावशींनी एकत्र यावं. अंबाडी, दोडका, शेवगा लावावा. भाजी वस्तीतच पिकवावी, सर्वांनी मिळून पिकवावी.