पापडाचा हिशोब आणि क्लोरीनचे साडेपस्तीस

आज कर्ज, व्याज, बँक यातलं काही सांगणार नाही. आज शाळेतल्या रसायनशास्त्राचा एक धडा आहे. पण रेडिओ बंद करू नका, कारण हा धडा आपल्याच एका गटाच्या बैठकीत सुटला.

हप्ते गोळा झाले होते आणि पापडविक्रीचा हिशोब चालला होता. गटाच्या सचिव ताईंची मुलगी नववीत आहे. ती वही घेऊन कोपऱ्यात गप्प बसलेली. काय झालं विचारलं, तर डोळ्यांत पाणी. चाचणीतलं एक उदाहरण चुकलं होतं. म्हणाली, "मावशी, मला हे जमत नाही. दहावीनंतर मी सायन्स घेणारच नाही." आईने नेहमीचं उत्तर दिलं, "आम्हाला तरी काय कळतंय गं त्यातलं?"

मी बीए झालेली, विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी वही हातात घेतली. उदाहरण क्लोरीनचं होतं. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर जो वास येतो ना, तो क्लोरीनचा. आपल्या मिठातही क्लोरीन असतो. या क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे. एकाचं वस्तुमान, म्हणजे आपल्या भाषेत वजन, ३५ आणि दुसऱ्याचं ३७. शंभर अणू घेतले तर साधारण ७५ अणू ३५ चे आणि २५ अणू ३७ चे. सरासरी काढायची होती. मुलीने ३५ आणि ३७ ची बेरीज केली, दोनाने भागलं आणि ३६ लिहिलं. पुस्तकातलं उत्तर ३५.५.

मी आकडे मोठ्याने वाचले आणि सचिव ताईंना विचारलं, "ताई, हेच पापडाचं असतं तर? आठवडे बाजारात ७५ पाकिटं ३५ रुपयांनी गेली आणि तालुक्याच्या प्रदर्शनात २५ पाकिटं ३७ रुपयांनी. एका पाकिटाला सरासरी किती मिळाले?"

ताईंनी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. ७५ गुणिले ३५, दोन हजार सहाशे पंचवीस. २५ गुणिले ३७, नऊशे पंचवीस. एकूण तीन हजार पाचशे पन्नास. भागिले शंभर पाकिटं, साडेपस्तीस रुपये. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "छत्तीस कसे येतील गं? स्वस्तातली पाकिटं जास्त गेली ना!"

मुलीने वही ओढून घेतली. उत्तर तेच होतं, ३५.५. आणि ते आईने काढलं होतं.

मग मुलीने विचारलं, "पण साडेपस्तीसचा अणू कुठे असतो?" कुठेच नसतो. साडेपस्तीस रुपयांना आपलं एकही पाकीट विकलं गेलं नव्हतं. ती सरासरी आहे, आणि ज्याचा वाटा जास्त त्याच्याकडे ती झुकते. एवढं लक्षात ठेवलं, तर चुकलेलं उत्तर आपलं आपल्याला ओळखता येतं.

आता हे दोन प्रकार का? अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन इतके हलके, की वजनात धरत नाहीत. क्लोरीनच्या प्रत्येक अणूत प्रोटॉन १७ च. सोळा झाले तर ते गंधक, क्लोरीन नव्हे. न्यूट्रॉन मात्र कुणात १८, कुणात २०. १७ आणि १८ मिळून ३५, १७ आणि २० मिळून ३७. वजन वेगळं असलं तरी गुण तोच. आपल्या मिठाच्या डब्यात दोन्ही आहेत, पण चवीत फरक कळत नाही.

अशा अणूंना समस्थानिकं म्हणतात. सम म्हणजे सारखं, स्थान म्हणजे जागा. मूलद्रव्यांच्या तक्त्यात दोघांची जागा एकच, सतरावी. फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. त्यासाठीचा इंग्रजी शब्द, आयसोटोप, त्यांना सुचवला मार्गारेट टॉड यांनी. त्या स्कॉटलंडच्या डॉक्टर आणि लेखिका होत्या. म्हणजे धड्याचं नावच एका बाईने दिलेलं आहे.

आणखी एक शब्द मुलांना अडवतो, सापेक्ष. सापेक्ष म्हणजे कशाच्या तरी तुलनेत. पूर्वी धान्य पायलीने मोजायचे. चार पायल्या ज्वारी म्हटलं, की त्या एका मापाच्या चौपट. अणू इतका बारीक, की त्याला किलो-ग्रॅम सोयीचे नाहीत. म्हणून कार्बनचा १२ वजनाचा अणू घेतला आणि त्याचा बारावा हिस्सा म्हणजे १ असं माप ठरवलं. क्लोरीनचा अणू सरासरीने त्या मापाच्या साडेपस्तीस पट. ते ३५.५ रुपये नव्हेत आणि ग्रॅमही नव्हेत, नुसती पट आहे. अगदी काटेकोर मोजलं तर ३५.४५ येतं, कारण दोन्ही अणूंची खरी वजनं ३५ आणि ३७ पेक्षा किंचित कमी आहेत, आणि खरे वाटेही पाऊणशे आणि पाव शंभराच्या किंचित इकडेतिकडे आहेत.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. डाळिंबावर आपण बोरॉन फवारतो. बोरॉनचे अणूही दोन प्रकारचे, १० आणि ११ वजनाचे. शंभरात साधारण २० अणू दहाचे, ८० अकराचे. सरासरी किती? आधी अंदाज करा, उत्तर दहाकडे झुकेल की अकराकडे? मग लेकीला किंवा नातीला शेजारी बसवून मांडा. उत्तर १०.८ आलं, की समजा धडा कळला.

मैत्रिणींनो, "आम्हाला काय कळतंय" हे वाक्य मुली ऐकत असतात. आईला जमलं नाही ते मला कसं जमेल, असं त्यांना वाटून जातं. पुस्तकातले सगळे शब्द आपल्याला येणार नाहीत, पण त्यामागचा हिशोब आपण दर महिन्याला करतो. पुढच्या बैठकीला गटाच्या वहीशेजारी मुलीची वहीही उघडा.

त्या मुलीने सायन्सचं अजून ठरवलेलं नाही. पण परवा फोनवर म्हणाली, "मावशी, आता तांब्याचं उदाहरण आहे. आईला विचारते."

नमस्कार.