विमानाचा पहिला धडा

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जण विचारतात, "विमान चालवणारा माणूस पहिल्या दिवशी शिकतो तरी कसा? बैल बुजला तर गाडीतून उडी टाकता येते. तिथं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. चला, आज आपण तो धडाच घेऊ.

सोलापूरला होटगी रस्त्यावर विमानतळ आहे. ९ जून २०२५ रोजी तिथून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. शिकायचे विमान त्या विमानाहून फार लहान. दोन नाहीतर चार माणसांचे, नाकावर एकच पंखा. बारामतीला आणि गोंदियाला ते शिकवणाऱ्या शाळा आहेत.

धड्याची सुरुवात जमिनीवरच होते. गाडी जुंपताना आपण आसाची खीळ बघतो ना? तसेच मास्तर आधी विमानाभोवती फिरायला लावतात. टाकीतले थोडे तेल काचेच्या नळीत काढून बघायचे. तेलात पाणी असले तर इंजिन वर गेल्यावर बंद पडेल!

मग वारा बघायचा. खांबावर कापडाची लांब पिशवी फडफडत असते. तिच्यावरून वाऱ्याची दिशा कळते. उफणणीला उभे राहताना आपणही आधी वाराच बघतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर पळवतात. मग ते कमी पळून उठते.

पण उठते कशाने? वळवाच्या वाऱ्यात घरावरचा पत्रा उडतो, तो कोण उचलतो? वाराच. विमान जोराने धावून आपल्यापुरता वारा तयार करते. पंख जरा तिरपा असतो. तो वाऱ्याला खाली लोटतो, वारा त्याला वर उचलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते. पंखाला आधार कमी, इंजिनालाही जोर कमी. मग विमानाला जास्त लांब धावावे लागते. सकाळची गार हवा नवख्याला बरी.

आत दोघांपुढे सारखीच दांडी, दोघांच्या पायाखाली सारखेच पायटे. शिकणारा चुकला तर मास्तर सावरतात. दांडी ओढली की नाक वर, लोटली की खाली. बाजूला वळवली की विमान त्या बाजूला कलते. नवखा दांडी मूठ आवळून धरतो. मास्तर म्हणतात, "दोन बोटांनी धरा. आता सोडा बघू." सोडली तरी विमान आपले चालतेच! इथे निम्मी भीती जाते.

खरी परीक्षा पुढे आहे. नाक फार वर केले की वेग कमी होतो. पंखाची वाऱ्यावरची पकड सुटते आणि विमान खाली बसू लागते. मन म्हणते, दांडी ओढ, वर चल. ओढली की घात! दांडी पुढेच लोटायची. नाक खाली गेले की वेग येतो, पंख पुन्हा वारा धरतो. याला उंची लागते, म्हणून हा सराव खूप वर करतात. जमिनीजवळ असे झाले तर सावरायला जागाच उरत नाही. आमच्या मते सगळ्यात अवघड शिकणे हेच. बाकीचे सवयीने येते.

आणि इंजिन बंद पडले तर? विमान दगडासारखे पडत नाही. घारीसारखे तरंगत उतरते. मास्तर मध्येच विचारतात, "आत्ता बंद पडलं तर कुठं उतराल?" खाली बघून रान निवडायचे. उसाचा फड नको, विजेच्या तारा नकोत. काढणी झालेले ज्वारीचे सपाट रान चालेल.

नेहमीचे उतरणेही तिरप्या वाटेने असते. मोठी विमाने एक किलोमीटर पुढे जाताना साधारण ५० मीटर खाली येतात. त्या वाटेवर उंच काही चालत नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी याच कारणाने १५ जून २०२३ रोजी पाडली. कारखाना सहकारी, शेतकऱ्यांचा. कित्येक सभासदांना ते रुचले नाही, हेही सांगितले पाहिजे.

उतरल्यावर वहीत नोंद करायची. तारीख, विमानाचा नंबर, किती वेळ उडालो. १९२९ साली जे. आर. डी. टाटांना मुंबईत परवाना नंबर १ मिळाला, तेव्हापासून शिकणाऱ्यांची ही रांग चालू आहे. पोटासाठी विमान चालवायचे तर वहीत २०० तास भरावे लागतात. पहिल्या दिवशी जेमतेम अर्धा-पाऊण तास पडतो.