हवा, स्प्रिंग आणि पाठीचा कणा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही ट्रॅक्टरच्या चाकातल्या हवेवर आणि सीटखालच्या स्प्रिंगवर बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण ट्रॅक्टरचे कर्ज बँकेचे, डिझेल रोखीचे, आणि पाठ मात्र आपली, नाहीतर रोजंदारीवरच्या ड्रायव्हरची. कर्ज कधीतरी फिटते; गेलेला मणका परत येत नाही.

मोटारसायकलला शॉकअप असतात, जीपला पाटे असतात. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचा मागचा आस मात्र थेट सांगाड्याला बसवलेला. तिथे ना पाटा, ना शॉकअप. मग ढेकळाचा, बांधाचा दणका झेलतो कोण? आधी टायरमधली हवा, मग सीटची स्प्रिंग, आणि शेवटी आपला कणा. पहिल्या दोघांनी काम टाळले, की ते तिसऱ्याच्या अंगावर पडते. सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे हादरे पाठीला सर्वांत जास्त बाधतात. ट्रॅक्टरचे बरेच हादरे याच्याच आसपासचे.

पहिली गोष्ट हवेची. ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतकामात साधारण १२ ते १६ पौंड हवा लागते. नेमका आकडा टायरच्या आकारावर आणि वजनावर ठरतो. तो पुस्तिकेत पाहावा. रस्त्यावरच्या दुकानात ट्रकच्या सवयीने हवा ठासली जाते. टायर दगडासारखा होतो, उसळतो, मधल्या नक्षीवरच झिजतो, नांगराला घसरतो. घसरले चाक म्हणजे जळालेले डिझेल.

नुकसान इथेच थांबत नाही. टायरमधली हवा जितकी कडक, जवळजवळ तितक्याच दाबाने चाक वरची माती चेपते. काळ्या रानात वाफसा नसताना असे चाक फिरले, की पाणी मुरत नाही आणि मुळी आडवी वळते. खोटे वाटत असेल तर चाकोरीत एक आणि सरीच्या मध्ये एक खड्डा खणून पाहा. माती स्वतः साक्ष देईल.

म्हणून हवा पार सोडून द्यायची असेही नाही. फार कमी हवेत टायर रिमवर सरकतो, व्हॉल्व्ह तुटतो, बाजूला भेगा पडतात. भरलेली ट्रॉली ओढताना तो तापतो. तेव्हा शेतात कमी, रस्त्यावर जास्त, आणि दोन्ही पुस्तिकेच्या हद्दीत. मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी हवी. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. वजनासाठी चाकात पाऊण भाग पाणी भरतात. पाणी दबत नाही, हवेला जागा उरते पाव. टायर आणखी कडक होतो. ओढीचे काम संपले की पाणी काढावे.

दुसरी गोष्ट सीटची. स्प्रिंग दणका घेते, शॉकअप तिची उसळी थांबवतो. सीट दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप जिवंत. दोन-तीनदा नाचली किंवा तेल गळत असेल तर तो बदला. स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावा, मालकाच्या नव्हे. माणूस बसल्यावर सीट मधोमध राहिली पाहिजे. तळाला टेकली तर स्प्रिंग असून नसल्यासारखी. फार ताठ ठेवली तरी तोच परिणाम. कुणी म्हणेल, पोते घातले की झाले. पोत्याने बूड सुखावते, कणा वाचत नाही.

मंडळी, यासाठी कुणाच्या दारात अर्ज करायचा नाही. गावात वर्गणी काढून हवा मोजायचे एक मीटर घ्या. मात्र कमी दाबाचे घ्या. ट्रकच्या मीटरवर १२ आणि १६ मधला फरक दिसत नाही. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या ट्रॅक्टरची हवा आणि सीटची तपासणी कागदावर लिहून आणा. ड्रायव्हर गड्याची पाठ दुखते का, हेही त्यालाच विचारून लिहा. आकडे समोर ठेवून पुढचे बोलू.